कोकणचा किनारा रिकामा दिसतो, पण वाळूखाली कोण राहतं? आणि वरून गाडीचं चाक गेलं की काय होतं?

जोडून सुट्टी आली की आदल्या रात्रीच पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण भागातून गाड्या निघतात. ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव गाठायचं आणि म्हसळ्यावरून दिवेआगर, श्रीवर्धन नाहीतर हरिहरेश्वर. पहाटे समोर समुद्र. ओहोटी असेल तर किनारा भला मोठा, सपाट आणि मोकळा दिसतो. मग गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, "घे ना खाली, एक रील होऊन जाऊ दे."

पुढचं दृश्य सोशल मीडियावर दरवर्षी फिरतं. चाक ओल्या वाळूत रुततं, ड्रायव्हर रेस देतो, चाक अजून खाली जातं. तेवढ्यात भरती सुरू होते. गावातली माणसं दोर आणि ट्रॅक्टर घेऊन येतात. खाली कमेंटमध्ये लोक हसतात.

त्या व्हिडिओत न दिसणारी गोष्ट वेगळीच असते. जिथे ते चाक फिरलं ती जागा रिकामी नव्हती. कोकणच्या वाळूत राहणारे बहुतेक जीव दिवसा जमिनीखाली असतात, काही फक्त ओहोटीच्या चार-पाच तासांत वर येतात, तर काही वर्षातून एखाद्या रात्रीच येतात. म्हणून किनारा मोकळा वाटतो. प्रत्यक्षात तो एका मोठ्या वस्तीचं छप्पर आहे.

किनाऱ्याचे तीन मजले

किनारा म्हणजे एकसारखी वाळू असं वाटतं, पण त्याचे साधारण तीन पट्टे पडतात.

सगळ्यात वरचा पट्टा कोरड्या वाळूचा. इथे मर्यादवेल पसरलेली असते. आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली पानं आणि जांभळी फुलं ही तिची ओळख. समुद्राची मर्यादा दाखवणारी म्हणून ती मर्यादवेल. तिच्या लांबच लांब वेली वाळू धरून ठेवतात आणि त्यामुळे किनाऱ्यामागे वाळूचे उंचवटे तयार होतात. वादळात लाटांचा पहिला मार हे उंचवटे झेलतात, मागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या नंतर येतात.

मधला पट्टा भरतीच्या पाण्याने रोज दोनदा भिजतो आणि रोज दोनदा उघडा पडतो. सर्वात जास्त हालचाल इथेच असते.

खालचा पट्टा जवळपास कायम ओला. इथे शिंपल्यांचे जीव, वाळूतले किडे आणि छोटे मासे असतात. पक्षी याच पट्ट्यात चोच मारत फिरतात.

गाडी साधारणपणे वरच्या पट्ट्यातून उतरते आणि मधल्या पट्ट्यात धावते, कारण तिथली वाळू घट्ट वाटते. म्हणजे एका फेरीत दोन मजले चाकाखाली येतात.

वाळूच्या त्या गोळ्या कोण वळतं?

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर हजारो इवल्या गोळ्या पसरलेल्या दिसतात. जवळून पाहिलं तर त्या एका छोट्या छिद्राभोवती सूर्यकिरणांसारख्या ओळींत मांडलेल्या असतात. जणू कुणी पहाटे उठून रांगोळीचे ठिपके काढून गेलं आहे.

हे काम एका छोट्या खेकड्याचं. त्याचं शरीर नखाएवढं असतं. पाणी ओसरलं की तो बिळातून वर येतो, नांग्यांनी वाळू तोंडाकडे नेतो, कणांना चिकटलेलं शेवाळ आणि सेंद्रिय अन्न काढून घेतो आणि उरलेली स्वच्छ वाळू गोळी करून बाजूला टाकतो. चाळलेली वाळू पुन्हा चाळावी लागू नये म्हणून ही व्यवस्था. बिळापासून तो सरळ रेषेत चरत जातो आणि धोका वाटला की त्याच रेषेने परत धावतो. म्हणून गोळ्यांच्या ओळी बनतात.

भरती येताना तो बिळात शिरतो आणि आत हवेची पोकळी राखून तोंड बंद करतो. वर लाटा येतात, गोळ्या पुसल्या जातात आणि पुढच्या ओहोटीला सगळं पहिल्यापासून सुरू होतं. दिवसाला दोनदा.

रात्रीचा धावपटू

वरच्या कोरड्या पट्ट्यात मोठी गोल बिळं दिसतात आणि शेजारी ताज्या वाळूचा ढीग. हा वाळूच्या रंगाचा, उभ्या डोळ्यांचा खेकडा. इंग्रजीत त्याला भुताचं नाव आहे, कारण तो अंधारात अचानक दिसतो आणि तितक्याच अचानक नाहीसा होतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा, 'ऑसिपोडे'चा, अर्थ मात्र 'चपळ पायांचा' असा होतो.

तो जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो. कल्ले ओले ठेवण्यासाठी त्याला दमट वाळू लागते. त्यामुळे बीळ ओल लागेपर्यंत खाली जातं, कधी कधी तीन-चार फूट. दिवसाच्या उन्हात तो खाली थंडाव्याला बसतो आणि रात्री बाहेर पडतो. मेलेले मासे, किडे, छोट्या शिंपल्या, लाटांनी आणलेला कुजका माल, असं सगळं त्याला चालतं. किनाऱ्यावर सडणारं जे काही असतं त्याची सफाई करणाऱ्यांत तो पुढे असतो.

किनाऱ्याची तब्येत तपासायला जगभरचे अभ्यासक याच खेकड्याची बिळं मोजतात. माणसांची वर्दळ आणि वाहनं वाढली की बिळांची संख्या घटते, असं ऑस्ट्रेलियासह अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. दिवसा खोल बिळात बसलेला खेकडा चाकाखालून वाचू शकतो, उथळ बिळातला चिरडतो. रात्री मात्र सगळेच उघड्यावर असतात. म्हणून अंधारात हेडलाइट लावून मारलेली फेरी सर्वात घातक ठरते.

शंख उचलण्याआधी

ओहोटीला खडकांच्या डबक्यांत एखादा शंख चालताना दिसतो. आत गोगलगाय नसते, खेकडा असतो. या खेकड्याचं पोट मऊ आणि उघडं असतं. संरक्षणासाठी तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात राहतो. अंग वाढलं की मोठा शंख शोधावा लागतो. म्हणजे दर काही काळाने घर बदलणं आलं.

पर्यटक पिशवी भरून शंख घरी नेतात आणि काही महिन्यांनी ते शोकेसमध्ये धूळ खात पडतात. इकडे किनाऱ्यावर तेवढी घरं कमी झालेली असतात. रिकामा शंख दिसला तर फोटो काढून तिथेच ठेवणं त्या खेकड्याच्या फायद्याचं.

हे पक्षी लडाख-तिबेटकडून येतात

दिवाळीच्या सुमारास किनाऱ्यावर पांढऱ्या-करड्या पक्ष्यांचे थवे उतरतात. हे कुरव. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. लाटेच्या काठाने तुरुतुरु पळणाऱ्या छोट्या चिखल्यांपैकी काहीही हिमालयापलीकडूनच आलेले असतात.

मार्चपर्यंत त्यांना इथे खाऊन अंगात चरबी साठवायची असते. परतीच्या प्रवासाचं इंधन तेच. थव्यात गाडी घातली की सगळे एकदम उडतात. रीलमध्ये ते छान दिसतं. पण प्रत्येक उड्डाणात साठवलेलं इंधन जळतं आणि चरण्याचा वेळ जातो. ओहोटीचे तास मोजकेच असतात. फेरीबोटीवरून कुरवांना शेव-गाठी टाकण्याची सवयही त्यांच्या भल्याची नाही, कारण तेल-मिठाचं ते खाणं त्यांचं नव्हे.

वर आकाशात पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी दिसला तर तो समुद्रगरुड. मासे आणि समुद्री साप हे त्याचं खाद्य. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर तो घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरतो. त्यामुळे एक जुनं झाड तोडलं तर त्याचं पिढीजात घर जातं.

वर्षातून एखाद्या रात्री येणारी पाहुणी

आता या गोष्टीतलं सगळ्यात प्रसिद्ध पात्र. ऑलिव्ह रिडले कासव. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांची वाट ती पाहत नाही. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

पिल्लू नर होणार की मादी हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. वाळू किती घट्ट आहे, सावली किती आहे, ओल किती आहे, हे सगळं त्यात येतं.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी येतं आणि पुढे वेळास. मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ओळखलं जायचं. आज ते कासवांचं गाव आहे. पूर्वी इथली अंडी खाल्ली जायची, विकली जायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत हलवली जातात, म्हणजे कुत्री आणि कोल्हे पोहोचत नाहीत. पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ ती पाण्याच्या दिशेने सोडली जातात. पर्यटक गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. पूर्वी विकल्या जाणाऱ्या अंड्यांपेक्षा राखलेल्या अंड्यांतून गावाला जास्त मिळायला लागलं.

२०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव 'प्रथमा'. पश्चिम किनाऱ्यावर अशा तऱ्हेने कासवाचा माग घेण्याची ही पहिलीच वेळ. तिच्यानंतर आंजर्ले आणि गुहागरच्या माद्यांनाही यंत्रं बसवली.

सगळी घरटी मात्र सापडत नाहीत. जी सापडत नाहीत ती वाळूतच राहतात, वरून काहीही न दिसता. वरून गाडी गेली तर वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येणं अवघड होतं. चाकाच्या खोल चाकोऱ्या हा आणखी एक सापळा. दोन इंचांपेक्षाही लहान पिल्लू त्या खाचेत पडलं की पाण्याकडे जाण्याऐवजी चाकोरीतूनच चालत राहतं. तोवर ऊन, कावळे आणि कुत्री येतात. किनाऱ्यावरचे दिवेही त्याला चकवतात, कारण पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं आणि नैसर्गिक अंधारात सर्वात उजळ बाजू समुद्राची असते. मोठं होईपर्यंत हजारात एखादंच टिकतं असा अंदाज सांगितला जातो. अशा हिशेबात एक घरटंही मोठं असतं.

आणि बेटांवर?

किनाऱ्यापासून आत गेलं की कोकणाला स्वतःची बेटंही आहेत. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर उभा आहे. बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. त्याच्या आसपासचं समुद्री अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात प्रवाळ, खडकांवरचे जीव आणि असंख्य मासे आहेत. प्रवाळ दगडासारखं दिसत असलं तरी ते जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यावर पाय ठेवला किंवा बोटीचा नांगर टाकला की वर्षानुवर्षांची वाढ तुटते.

आणखी दक्षिणेला वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटांचा समूह आहे. तिथल्या गुहेत पाकोळ्या लाळेपासून घरटी बांधतात. या घरट्यांना परदेशात सूपासाठी मोठी किंमत येते. त्यामुळे पूर्वी इथे घरट्यांची चोरी चालायची. ती थांबवण्यासाठीही गावकरी, वनखातं आणि निसर्गप्रेमी संस्थांना एकत्र यावं लागलं.

कायदा काय सांगतो?

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच याला. या कायद्यातल्या 'शिकारी'च्या व्याख्येत फक्त मारणं येत नाही. सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणंही त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत असा गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैदेची तरतूद आहे.

किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूचे उंचवटे आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वात संवेदनशील गटात धरल्या आहेत. याशिवाय किनाऱ्यावर वाहन नेल्याबद्दल कोकणात पोलिसांनी गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या दर हंगामात येतात.

मच्छीमारांसाठी एक चांगली तरतूदही आहे. जाळ्यात कासवासारखा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर महाराष्ट्रात जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

गाडी रुतते तरी का?

ओल्या वाळूत कणांच्या मधल्या जागा पाण्याने भरलेल्या असतात. वरून वजन आलं की त्या पाण्यावर दाब पडतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट वाटणारी वाळू चिखलासारखी वागते. चाक जागेवर फिरलं की ते स्वतःच खड्डा खणतं. गाडी फोर बाय फोर असली तरी हा नियम बदलत नाही. आणि घाई असते ती भरतीची. सपाट किनाऱ्यावर पाण्याची पातळी थोडी चढली तरी पाणी आडवं बरंच आत येतं. खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये शिरलं की पुढचा खर्च गॅरेजवाला सांगतो.

भरतीची वेळ कशी काढायची?

यासाठी कोकणात जुना हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब जमतो, कारण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी सर्वात वर चढतं आणि सर्वात खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. जागेनुसार वेळ मागेपुढे होते, त्यामुळे पोहायला जाताना भरतीचं अधिकृत वेळापत्रक आणि गावकऱ्यांचा सल्ला, दोन्ही बघणं बरं.

खेकडे, चिखल्या आणि खडकांतली डबकी पाहायची असतील तर पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर किनाऱ्यावर पोहोचावं. गाडी गावात लावायची, चालत जायचं आणि एका जागी पाच मिनिटं न हलता बसायचं. आधी एक डोळा वर येतो, मग दुसरा. थोड्या वेळाने रिकामी वाटणारी वाळू हलायला लागते.

घरी परतल्यावर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या नद्या कोकणात जात नाहीत. पवना मुळेला मिळते, तिथून मुळा-मुठा होऊन भीमेला. इंद्रायणी आणि चाकणजवळची भामाही भीमेतच जातात. भीमा उजनी आणि पंढरपूर करत कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. म्हणजे इथे नाल्यात पडलेल्या पिशवीची वाट अरबी समुद्राकडे जात नाही, पूर्व किनाऱ्याकडे जाते.

त्या कृष्णेच्या मुखाशीही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं म्हणून सुटता येत नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. अर्धा भारत वळसा घालून ती इकडे आली होती. तिला लागली ती फक्त एक रात्र, अंधार आणि चाकाच्या खुणा नसलेली थोडी वाळू.